वॉर्सा घेट्टोतील ओनेग शब्बत संग्रह

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन सत्तेने वॉर्सातल्या ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद केली. आत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. त्याच महिन्याच्या २२ तारखेला इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी काही सहकाऱ्यांना एकत्र करून एका गुप्त संग्रहाची घडी बसवली. बैठका शनिवारी होत, म्हणून त्याला ‘ओनेग शब्बत’, म्हणजे शब्बाथचा आनंद, असे सांकेतिक नाव पडले. घरातल्या मेळाव्याचे वाटावे असे ते नाव होते.

रिंगेलब्लूम यांचा जन्म १९०० सालचा. मध्ययुगीन वॉर्सातल्या ज्यूंच्या इतिहासावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. ऑक्टोबर १९३९ पासूनच ते रोजच्या घडामोडी टिपून ठेवत होते. पण एकट्याच्या टिपणांवर एवढ्या मोठ्या समाजाचा इतिहास उभा राहणार नाही, हे त्यांनी ओळखले. घेट्टोतल्या परस्पर-साहाय्य संस्थेत ते काम करत. निर्वासितांचे निवारे, इमारतींच्या समित्या, फुकट सूप वाटणारी स्वयंपाकघरे यांचे जाळे त्यांच्या ओळखीचे होते, आणि संग्रहाची माणसे बरीचशी त्यातूनच आली. राखेल आउअरबाख असेच एक स्वयंपाकघर चालवत. पत्रकार पेरेत्स ओपोचिन्स्की घेट्टोत टपाल वाटत. जिने चढता-उतरता जे दिसले, ते त्यांनी लिहिले. रब्बी शिमोन हुबरबांद यांनी धार्मिक जीवनाची नोंद ठेवली, त्सेत्सिल्या स्वापाकोव्हा यांनी बायकांच्या मुलाखती घेतल्या. हेर्श वासेर चिटणीस होते. असे सुमारे साठ जण या कामात होते.

काय जमवायचे, याविषयी रिंगेलब्लूम यांची भूमिका स्पष्ट होती: सगळेच. डायऱ्या, पत्रे, शाळकरी मुलांचे निबंध, रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटांचे कागद, नाटकांच्या जाहिराती, जर्मन हुकुमांची पत्रके. एकाच घटनेविषयी निरनिराळ्या माणसांकडून लिहून घ्यायचे, म्हणजे एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याची चुकणार नाही. तस्करी आणि ज्यू पोलिसांची अरेरावीही वगळायची नाही, हा आग्रह विशेष मोलाचा. उपाशी समाजाने स्वतःची उणी बाजू स्वतः लिहून ठेवावी, असे उदाहरण इतिहासात फार थोडे. मजकूर यिडिश, पोलिश आणि हिब्रू भाषांत आहे. युद्धाच्या अडीच वर्षांचा सर्वांगीण अभ्यास लिहायची योजनाही आखली होती. ती पुरी झाली नाही.

कारण १९४२ उजाडता कामाचे स्वरूपच बदलले. खेवम्नोच्या मृत्युछावणीत प्रेते पुरण्याच्या कामावरून पळालेला एक तरुण वॉर्सात आला. तिथे विषारी वायूच्या गाड्यांत माणसे कशी मारली जात, हे त्याने सांगितले आणि वासेर दांपत्याने लिहून घेतले. मग संग्रहाने अहवाल तयार करून पोलिश भूमिगत संघटनेमार्फत लंडनला माहिती पोहोचवली. उद्याच्या इतिहासकारासाठी सुरू झालेले काम आता आजच्या जगाला साद घालत होते.

२२ जुलै १९४२ ला घेट्टोतून मोठी हद्दपारी सुरू झाली. सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आली. हद्दपारी चालू असतानाच, ३ ऑगस्टला, शिक्षक इझ्राएल लिख्तेनश्टाइन आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी दाविद ग्राबेर व नाखुम ग्झिवाच यांनी नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. त्यांत त्यांनी आपली मृत्युपत्रेही ठेवली, आणि लिख्तेनश्टाइन यांच्या पत्नी, चित्रकार गेला सेक्श्टाइन यांची चित्रेही. फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून त्याच इमारतीखाली गेले. तिसरा साठा श्वेंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला गेला. रिंगेलब्लूम पुढे शहराच्या दुसऱ्या भागात लपून लिहीत राहिले; मार्च १९४४ मध्ये त्यांची लपण्याची जागा सापडली, आणि पत्नी व मुलासह त्यांना ठार करण्यात आले.

संग्रहाच्या कामातले तिघेच युद्धानंतर उरले: हेर्श आणि ब्लुमा वासेर, आणि राखेल आउअरबाख. घेट्टोचा नुसता ढिगारा झाला होता, रस्तेही ओळखू येत नव्हते. वासेर यांच्या माहितीवरून १८ सप्टेंबर १९४६ ला पेट्या सापडल्या. पेट्यांत पाणी शिरले होते. कागद चिकटले होते, शाई पसरली होती. दुधाचे कॅन डिसेंबर १९५० मध्ये बांधकाम चालू असताना मजुरांच्या हाती लागले. त्यांतले कागद बरेच चांगले टिकले होते. तिसऱ्या साठ्यातली काही जळकी पाने वगळता काही मिळाले नाही.

सुमारे पस्तीस हजार पानांचा हा संग्रह आज वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेत आहे, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृती नोंदणीत स्थान दिले. आउअरबाख यांनी १९५४ पासून याद वाशेम या स्मारक-संस्थेत, हत्याकांडातून वाचलेल्यांच्या साक्षी गोळा करणारा विभाग चालवला. घेट्टोत शिकलेली पद्धत त्यांनी तिथे नेली. सुरुवातीची अनेक वर्षे या हत्याकांडाचे संशोधक मुख्यतः जर्मन कार्यालयांच्या कागदपत्रांवर विसंबून होते. त्या कागदांत मारणाऱ्यांचे हिशेब सापडतात. कोणत्या घरात काय शिजले, मुले काय शिकली, शेजाऱ्याने कुणाला भाकरी दिली किंवा नाकारली, हे सापडते ते रिंगेलब्लूम यांच्या सहकाऱ्यांच्या पानांत. वॉर्सातल्या संस्थेने ती पाने पुढे अनेक खंडांच्या पोलिश मालिकेत छापून अभ्यासकांना खुली केली.