‘पिक्चर’ शब्दाचा प्रवास

‘पिक्चर पाहावयास जातों’ असें मुलानें सांगितलें, तर तो चित्रप्रदर्शनास चालला आहे अशी शंका कोणाही मराठी बापास येत नाहीं. इंग्रजींत मात्र या शब्दाचा संसार मोठा आहे, आणि त्यांतलें एकच दालन आमच्या वांट्यास कां आलें, हें पाहण्यासारखें आहे.

रंगविणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला. कापडावर सुईनें नक्षी भरणें हाही अर्थ त्या धातूंत होता. कुंचला व सुई यांत त्या लोकांनीं फारसा भेद मानला नाहीं. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ सालीं ३८ ‘पिक्चर्स’वर उघडली, तीं सारीं रंगविलेलींच होतीं. पुढें १८३९ सालीं दागेरची युक्ति जाहीर झाली, आणि हात न लावतां प्रकाशानें उमटलेल्या चित्रासही इंग्रजांनीं तोच जुना शब्द लावला. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचा खेळ झाला. त्याच्या जाहिरातींत ‘जिवंत’ पिक्चर्स असें विशेषण जोडावें लागलें होतें. १९०७ सालीं कलकत्त्यास मादनशेटांनीं ‘एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस’ काढलें, तेव्हां त्या विशेषणाची गरज उरली नव्हती.

मराठींत बाकीच्या जागा आधींच भरलेल्या होत्या. भिंतीवर आजोबांची तसबीर असते, प्रदर्शनांत चित्र असतें, मोबाइलमध्यें फोटो असतो; यांपैकीं एकासही आम्ही पिक्चर म्हणत नाहीं. ‘चित्र’ नपुंसकलिंगी, पण ‘पिक्चर’ बहुधा पुल्लिंगी. तो खेळ, सिनेमा, चित्रपट यांच्या पंक्तीस जाऊन बसला. शिवाय तो ‘लागतो’, ‘चालतो’, ‘पडतो’. हीं क्रियापदें त्यास इंग्रजांनीं दिलेलीं नाहींत.

‘चित्रपट’ असतां हा परका शब्द कशाला, असा आक्षेप घेणारांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं संस्कृतांत ‘चित्रपट’ म्हणजे रंगविलेलें वस्त्र. त्या वस्त्रावरचा रंग उडून तेथें प्रकाश आला, तो ‘पिक्चर’च्याच वाटेनें. आम्ही स्वतः लेखांत ‘चित्रपट’ लिहितों, आणि रविवारीं घरच्या मंडळींसह पिक्चरला जातों.