इरुंगाट्टुकोट्टैच्या वाटेवर : स्वस्त घराच्या विद्येचा मागोवा

पूनमल्लीहून बंगलोरच्या राजमार्गाने पश्चिमेस निघाले की चेंबरंबाक्कमचा विस्तीर्ण तलाव मागे पडतो आणि इरुंगाट्टुकोट्टैची औद्योगिक वसाहत लागते. १९९८ साली ह्युंदाईच्या कारखान्यातून पहिली सँट्रो मोटार येथे बाहेर पडली. तिच्या मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले आणि त्यांच्या निमित्ताने पुण्या-नाशिककडील आपलीही काही मंडळी या मुलुखात येऊन राहिली. कारखाने उभारताना यंत्राची जागा इंचाइंचाने मोजली गेली. यंत्र चालविणाऱ्याने रात्री कोठे निजावे, हा प्रश्न मात्र आसपासच्या खेड्यांवर सोपविण्यात आला.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईच्या विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे गिरणी कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. बी.डी.डी. चाळी म्हणून त्या सर्वश्रुत आहेत. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरांसाठी केलेला तो आपल्याकडील आरंभीचा प्रयोग होय. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकाम इतके भक्कम की शंभर वर्षे टिकले. तथापि प्रारंभी त्यांतील कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या. भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि काँक्रीटच्या जाळ्यांतून येणारा तुटपुंजा उजेड यांमुळे कामगार तेथे जाण्यास राजी नव्हता. काँक्रीटचे गणित बरोबर होते. माणसाचे चुकले होते.

पुढे १९३५ साली पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांनी स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते मध्यमवर्गीयांसाठी आहे, असे त्यांनी मुखपृष्ठावरच प्रांजळपणे सांगितले. हे ज्ञान पोटार्थी माणसापर्यंत न्यायचे तर घरबांधणी ही केवळ गवंड्याची कला न राहता प्रयोगशाळेचा विषय व्हावयास हवी होती.

मद्रासमध्ये ते घडले. येथील जुन्या वाड्यांवरील मद्रास टेरेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल : सागवानी तुळयांवर विटा उभ्या कडेने चुन्यात बसवावयाच्या, वर विटांच्या खडीचा चुनेकाँक्रीट थर चोपावयाचा. छत थंड राही. पण सागवान महागले आणि चुना चोपणारे हातही दुर्मीळ झाले. १९६५ साली संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचा आरंभ रुडकीस झाला. पुढे मद्रासची तरमणी हे त्याचे मुख्य ठाणे बनले. संस्थापक-संचालक प्रा. जी. एस. रामस्वामी यांचे नाव पातळ कवचछतांशी कायमचे जोडले गेले आहे. १९६८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ अभियंत्यांच्या परिचयाचा आहे. त्यांची युक्ती एखाद्या गृहिणीलाही समजावी अशी होती. लाकडी चौकटीवर कापड सैल ताणावयाचे, त्यावर काँक्रीटचा पातळ थर पसरावयाचा. वजनाने कापड खाली झोळते. थर कठीण झाला की तो उलटा करावयाचा. झोळण्याचा आकार उलटताच कमानीचा आकार होतो आणि जे काँक्रीट ताणाला दुबळे, ते केवळ दाबाखाली येते. साहजिकच लोखंड फारच थोडे लागते. काँक्रीट स्वतःच आपला योग्य आकार शोधते, हे मला आजही विलक्षण वाटते.

मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५९) पुढला टप्पा गाठला. तेथील प्रा. देवदास मेनन व प्रा. ए. मेहेर प्रसाद यांनी आपल्या अध्यापकीय कारकिर्दीतील बरीच वर्षे एका टाकाऊ पदार्थाला दिली. खतकारखान्यात फॉस्फोरिक आम्ल करताना एका टनामागे सुमारे पाच टन जिप्सम उरते आणि त्याचे ढीग कारखान्यामागे डोंगरासारखे साठतात. ट्रॉम्बेच्या राष्ट्रीय केमिकल्सचे नाव चेंबूरकरांना सांगावयास नको. त्या कंपनीने कोचीच्या फॅक्ट कंपनीशी भागीदारी करून अशा जिप्समपासून भिंतींची तावदाने बनविण्याचा कारखाना काढला. मूळ शोध ऑस्ट्रेलियातील. जिप्सममध्ये काचतंतू मिसळलेले हे तावदान १२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १२४ मिलिमीटर जाड असून आतून पोकळ असते. ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने भिंतीपुरता असलेला त्याचा उपयोग मद्रासच्या संशोधकांनी छतापर्यंत नेला. पोकळ्यांत सळ्या व काँक्रीट भरल्यास ते भूकंपाचा धक्का कितपत सोसते, छताला किती भार पेलते, याच्या त्यांनी चाचण्या घेतल्या. हे काम कंटाळवाणे, पण त्यावाचून सरकारी मान्यता मिळत नाही. २०१३ साली संस्थेच्या आवारात चार सदनिकांची दुमजली इमारत पाया झाल्यावर सुमारे महिनाभरात उभी राहिली. विटा नाहीत आणि गिलावाही नाही. पाण्यापासून जिप्समचे रक्षण मात्र काळजीपूर्वक करावे लागते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच आवारात यंत्राने थरावर थर ओतून बांधलेल्या एकमजली घराचे उद्घाटन झाले. वृत्तपत्रांत त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला. माझ्या मते जिप्समच्या कामाचे मोल त्याहून अधिक आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात निराळीच बातमी आली. श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक कारखान्यात काम करणाऱ्या शेकडो स्त्रिया वसतिगृहातील अन्नबाधेनंतर चेन्नई-बंगलोर राजमार्ग अडवून बसल्या. एकेका खोलीत दाटीवाटीने निजणाऱ्या या मुली तेव्हा प्रथमच देशाला दिसल्या. प्रयोगशाळेपासून तो रस्ता तासा-दीड तासाच्या अंतरावर. पण मधली दरी भाड्याची, जमिनीच्या किमतीची आणि मालकीची होती, जी कोणत्याही तावदानाने भरून निघत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढे वल्लम वडगाल येथे तामिळनाडू शासनाने १८,७२० स्त्री कामगार राहू शकतील अशा वसतिगृहसंकुलाचे उद्घाटन केले. संख्येने ते मुंबईच्या चाळींची आठवण करून देते. मात्र ते एकट्या स्त्रीसाठी आहे. लग्न झाले की त्याच कामगार मुलीला पुन्हा एखाद्या खेड्यात भाड्याची खोली शोधावी लागते.