विमानाचा आकाशकंदील

विमानाच्या आकाराचा आकाशकंदील ही मराठी दिवाळीतली विसाव्या शतकाची भर. त्यामागची चाल मात्र फार जुनी आहे. आश्विन-कार्तिकात उंच वेळूच्या टोकाला दिवा चढवायचा, तो विष्णूप्रीत्यर्थ आणि पितरांना वाट दिसावी म्हणून, हा आकाशदीपाचा विधी कार्तिकमाहात्म्यात येतो. वाऱ्यावर दिवा टिकायचा तर त्याला आडोसा हवा. कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर कागद हा त्यातला सर्वांत हलका आणि स्वस्त आडोसा. षटकोनी कंदील आणि चांदणी हे त्याचे रूढ आकार झाले.

विमान मुंबईच्या परिसरात ओळखीचे झाले ते जुहूला 1928 मध्ये विमानतळ सुरू झाल्यानंतर. 15 ऑक्टोबर 1932 रोजी, दिवाळीच्या दोन आठवडे आधी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथे उतरले. त्यांचे पुस मॉथ विमान म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि त्यांवर ताणून बसवलेले कापड. ही रचना कंदिलाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. युरोपात कागदी विमाने छापील पुठ्ठ्याचे भाग कापून, घडी घालून जोडतात. पोलंडमध्ये 1957 पासून अशा कागदी प्रतिकृतींचे एक मासिकच निघू लागले. अशा विमानांत भर बाह्यरूप हुबेहूब करण्यावर असतो. कामट्यांचा कंदील दिसायला ओबडधोबड असला, तरी रचनेने तो त्या काळच्या खऱ्या विमानाच्या अधिक जवळचा आहे: आत सांगाडा, वर कातडी.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या कामाला लागणारा कळक, म्हणजे बांबू, बांधावर आणि रानात मिळे. कागद तेवढा बाजारातून आणावा लागे. दिवाळीत इथे भाताच्या कापणीची घाई असते आणि शाळांना सुट्टी असते, त्यामुळे कंदील आपसूक मुलांच्या वाट्याला येई. हात बसेपर्यंत षटकोनी कंदील, मग चांदणी आणि शेवटी विमान, हा शिकण्याचा क्रम साधा आणि योग्य होता. चांदणीत एकाच मापाच्या कामट्या पुन्हा पुन्हा लागतात. विमानात नाक, पोट, पंख, शेपूट यांची मापे वेगळी, आणि डावा पंख उजव्याशी तंतोतंत जुळवावा लागतो.

चुका कामटीपासूनच सुरू होतात. ओला कळक सहज तासला जातो, पण वाळताना पिळवटतो आणि त्याच्याबरोबर पंखही. म्हणून कामट्या आधी तासून सावलीत वाळवायच्या आणि कळकाच्या पाठीकडचा चिवट भाग राखायचा. खिळा मारला तर कामटी उभी चिरते. म्हणून प्रत्येक सांधा दोऱ्याने आवळून त्यावर खळ लावतात. पोटासाठी चार लांब कामट्या आणि त्यांना जागोजागी चौकटी, पुढच्या चौकटी क्रमाने लहान, म्हणजे नाक निमुळते होते. पंखाच्या दोन लांब कामट्या पोटातून आरपार नेल्या तर पंख लोंबत नाहीत. कागद चढवण्याआधीच सांगाडा दोऱ्याला टांगून पाहावा. एक पंख जड असला तर तो तेव्हाच तासता येतो. कागद लागल्यावर उपाय उरत नाही.

खळ मैद्याची किंवा कणकेची, पाण्यात शिजवलेली. किडीने खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. पतंगाचा पातळ कागद चौकटीपेक्षा बोटभर मोठा कापून कडा आत मुडपायच्या. खळीने ओलावलेला कागद वाळताना आखडतो आणि ताठ बसतो. विमानाच्या कापडावर रोगण चढवून ते असेच ताणून घेत. पोट आणि पंख यांच्यामधली जागा उघडी ठेवणे हे या कामातले खरे मर्म. तिथे कागद चिकटवला तर उजेड पोटातच अडतो आणि विमान रात्री पंखांविना दिसते.

पणतीच्या काळात हा आकार अवघडच होता. ज्योतीला वर मोकळी जागा लागते आणि विमानाची पाठ तर बंद. विजेच्या दिव्याने ती अडचण दूर केली, पण वीज सगळीकडे एकदम आली नाही. शहापूर तालुक्यातल्या आसनगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून 1930च्या सुमारास विजेच्या गाड्या धावू लागल्या होत्या, तरी रुळांपासून दूरच्या पाड्यांवर वीज पोचायला पुढची कित्येक दशके गेली. राज्याचे वीज मंडळच 1960 साली स्थापन झाले.

बाजारी कंदिलांनी विमानाला मागे सारले. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीसारख्या ठिकाणी माल रचून ठेवायचा, तर तो घडी होणारा हवा. षटकोनी कंदील चपटा करता येतो, चांदणी मिटते. विमानाची घडी होत नाही. थर्माकोल आणि प्लास्टिकचे कंदीलही मधल्या काळात पुष्कळ खपले. राज्याने 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर आणि अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातल्यावर बांबूला पुन्हा मागणी आली. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये असलेल्या भालिवली येथे आदिवासी स्त्रिया बांबूचे आकाशकंदील विक्रीसाठी बनवतात. विमान मात्र अजूनही मुख्यतः घरीच बनते.