जहाजाच्या पोटातील दुर्गंधी

ओहोटीच्या वेळी ठाण्याहून कल्याणास आगगाडीने जाणाऱ्या मंडळीस एक अनुभव नेहमीचा आहे. कळव्याच्या अलीकडे गाडी खाडीच्या पुलावर आली, की नासक्या अंड्यासारखा वास डब्यात शिरतो. कोणी नाकास रुमाल लावतो, कोणी शहरांच्या सांडपाण्यास दूषणे देतो. दूषणे देणाराचे चुकते असे नाही. परंतु या वासाचा काही अंश सांडपाण्याहून फार जुना आहे, आणि ज्या जहाजांच्या कथा आपण अभिमानाने वाचतो, त्यांच्या पोटातही तोच कोंडलेला असे.

कल्याण हे बंदर म्हणून किती प्राचीन आहे, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. ग्रीक दर्यावर्दींच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचे नाव आहे, सहाव्या शतकात कॉस्मस याने येथून लाकूड व कापड परदेशी जात असल्याचे लिहून ठेविले आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हाती आली आणि लवकरच या खाडीच्या काठी आरमाराची गलबते बांधली जाऊ लागली. त्या कामावर असलेल्या पोर्तुगीज कारागिरांमुळे वसई-गोव्याचे अधिकारी अस्वस्थ झाले होते. हा सर्व वृत्तांत आमच्या इतिहासग्रंथांत येतो. गुराबा किती, गलबते किती, तोफा किती, यांवर वादही होतात. मात्र त्या गलबतांत माणसे कोणत्या हवेत निजत, हा प्रश्न कोणी विचारलेला आमच्या पाहण्यात नाही.

लाकडी जहाज कितीही कुशलतेने बांधिले, तरी सांध्यांतून पाणी थोडेथोडे पाझरतेच. वरून पावसाचे व धुण्याचे पाणी उतरते. हे सारे कण्याच्या दोहों बाजूंस, नीरमाच्या दगडांखाली साचते. त्यात सांडलेले तांदूळ, मासळीचे तुकडे, काथ्याचे तंतू आणि उंदरांची घाण मिसळते. वर फळ्यांचा तक्ता पक्का, सूर्यप्रकाश नाही, वारा नाही. आता यातली मौज अशी, की जहाज जितके उत्तम तितकी ही घाण अधिक. गळके जहाज बुडू नये म्हणून त्याचे पाणी रोज उपसावे लागे, त्यामुळे ते ताजे राही. घट्ट जहाजात उपसण्याचे कारणच पडत नसे आणि पाणी महिनोन्‌महिने मुरत पडे. तळातले पाणी गोडे लागले तर जुना खलाशी आनंदण्याऐवजी सांधे तपाशी, तो याचसाठी.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले व १७५० मध्ये तेथे कोरडी गोदी तयार झाली. त्यांच्या घराण्याने सागवानाची जी जहाजे बांधिली, त्यांची कीर्ती टिकाऊपणाबद्दल होती. १८१७ साली मुंबईस पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. अशा चिरेबंदी जहाजांच्या पोटी दुर्गंधी कमी नसावी, असा आमचा तर्क आहे. वाडियांच्या कौशल्यास याने उणेपणा येत नाही, उलटच.

युरोपातील वैद्यांची तेव्हा समजूत अशी, की ज्वर दुर्गंधीतूनच उपजतो. म्हणून त्यांनी वासाचा पिच्छा पुरविला. १७४१ साली स्टीफन हेल्स या पाद्र्याने प्रचंड भात्यांनी जहाजातील हवा बदलण्याची युक्ती मांडली. त्याच सुमारास सॅम्युअल सटन याने स्वयंपाकाच्या विस्तवाकडे नळ नेऊन तळची हवा ओढून घेण्याची योजना केली. शिरका शिंपणे, गंधक जाळणे हे तर चालूच होते. या सर्वांनी हवा पालटली, पण उगम जागच्या जागी राहिला.

उगम हुडकण्याचे काम खलाशांनी नाकाऐवजी डोळ्यांनी केले. तळच्या वायूने रुपे काळे पडते, शिशाचा पांढरा रंगही काळवंडतो. जेथे काळिमा गडद, तेथे फळी उचलावी. तळच्या आडव्या लाकडांना पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे ठेवीत. ती गाळाने बुजली, की पाणी कोंडे. म्हणून त्यांतून साखळी ओवून ठेवीत व ती पुढेमागे ओढून छिद्रे मोकळी करीत. मग समुद्राचे स्वच्छ पाणी आत घेऊन, निर्मळ बाहेर येईतो पंपाने उपसत. नाकावर भिस्त ठेवण्यात धोका होता. हा वायू प्रबळ झाला म्हणजे घ्राणशक्तीच मारतो. वास गेला असे वाटून तळात उतरणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो.

शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७७ च्या सुमारास या वायूचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा, अभ्यास केला. तो कोण निर्माण करतो हे कळण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लोटला. १८९५ साली हॉलंडमध्ये बायरिंक याने दाखविले, की हवेवाचून जगणारे काही जंतू पाण्यातील सल्फेटपासून हा वायू बनवितात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल. तेव्हा आत घेतलेले स्वच्छ पाणी पुरते उपसले नाही, तर ते या जंतूंस नवे खाद्यच होई!

कल्याणच्या खाडीतील मचवे या संकटातून बरेच वाचले असावेत. पोट उघडे, तळ उथळ, ओहोटीस नाव चिखलावर बसे आणि पाणी हाताने उपसता येई. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराची पावसाळी छावणी दरवर्षी एकाच बंदरी करू नये असे बजाविले आहे. तेथे विषय स्वच्छतेचा नसून बंदोबस्ताचा आहे, एवढे मान्य करावयास पाहिजे. तथापि गलबत वर्षातून एकदा किनाऱ्यास लागून रिकामे होणे, हीच त्याच्या पोटाची खरी शुद्धी होती.

१८५४ साली लोहमार्ग कल्याणास पोहोचला आणि पुढे खाडीचा व्यापार आगगाडीकडे गेला. खाडीचा चिखल मात्र जहाजाच्या तळासारखाच निर्वात व खारट राहिला आहे, आणि बायरिंकचे जंतू तेथेही आपले काम करीत आहेत. पुलाच्या दक्षिणेस ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंचे थवे त्याच चिखलात चोची घालून उभे असतात. २०२२ साली हा भाग रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत नोंदला गेला.