ठाऊक असलेल्या गोष्टीचा खेळ

नवी मुंबईत वाशीच्या ज्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे, तिथे आपण नाटकं पाहतो. त्याच भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला 'सीता स्वयंवर' सादर केलं. सीता कोणाला वरणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही माणसं रंगून बसली. ती का रंगली, या प्रश्नापासून आपला अभ्यास सुरू होतो.

गोष्ट माहीत असली की 'पुढे काय?' मागे पडतं आणि 'असं का?' पुढे येतं. भाव्यांच्या खेळांत सूत्रधार पदांतून कथा सांगे, पात्रं आपली भाषणं बहुतेक आयत्या वेळी रचत. नुसत्या पाठांतरावर नटाचं भागत नसे. प्रसंग समजूनच त्याला उभं राहावं लागे. हेच शिक्षण पुढे प्रेक्षकांपर्यंतही पोहोचलं. १९०७ मध्ये नाटककार खाडिलकरांचं 'कीचकवध' आलं. सैरंध्री बनलेल्या द्रौपदीचा कीचकाने केलेला छळ पाहताना लोकांना व्हाइसरॉय कर्झनची राजवट दिसली, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी आणली. महाभारत घरोघरी माहीत होतं, म्हणूनच हे साधलं.

आजच्या नवी मुंबईत एकाच वर्गात कोकण, देश, विदर्भ आणि परप्रांतांतून आलेल्या घरांची मुलं असतात. महाभारताची गोष्ट त्या सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. म्हणून आधी ती सांगावी लागते, मग करावी लागते.

उदाहरणार्थ, महाभारतातल्या द्यूतसभेचा प्रसंग घ्या. युधिष्ठिर स्वतःला आधी हरला असेल, तर मला पणाला लावायचा त्याला काय अधिकार, असं द्रौपदी विचारते. हे वाक्य मुलीला एकदा युधिष्ठिराकडे पाहून म्हणू द्या, एकदा भीष्मांकडे, एकदा थेट प्रेक्षकांकडे. शब्द तेच राहतात. पण पहिल्यांदा ती पतीला जाब विचारते, दुसऱ्यांदा वडीलधाऱ्यांकडे न्याय मागते, तिसऱ्यांदा आपल्यालाच सभेत बसवते. हा फरक फळ्यावर लिहून समजत नाही, तालमीत उभं राहून कळतो.

शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि तिकीट काढून येणाऱ्या रसिकांनी या अभ्यासात मोकळेपणाने यावं. नाट्यशास्त्राची पूर्वतयारी नसली तरी चालेल. लहानपणी ऐकलेली एक गोष्ट मात्र सोबत आणा आणि तिच्यातल्या सभेत आपण कुठे बसलो असतो, हे स्वतःला विचारा.