अनाकालभृत : दुष्काळांतील मुलांचा क्रयविक्रय आणि पंडिता रमाबाई

नारदस्मृतींत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. घरच्या दासीच्या पोटीं जन्मलेला, विकत घेतलेला, दान म्हणून मिळालेला, वारशानें आलेला, अशी ती यादी चालते आणि तींत ‘अनाकालभृत’ असा एक प्रकार येतो. अनाकाल म्हणजे दुष्काळ. दुष्काळांत ज्याला अन्न घालून जगविलें तो पोसणाराचा दास झाला, असा या शब्दाचा अर्थ. त्याची सुटका कशी व्हावी हेंही स्मृतिकारानें सांगून ठेविलें आहे : गाईंची एक जोडी दिली म्हणजे तो मोकळा. मूठभर धान्य नव्हतें म्हणून जो दास झाला त्यानें गाईंची जोडी कोठून आणावी, याचा विचार मात्र तेथें नाहीं.

हा शब्द प्रस्तुत लेखाच्या शिरोभागीं आम्हीं हेतुपूर्वक घेतला आहे. मुलांच्या क्रयविक्रयाचा इतिहास पाहतांना आपली दृष्टि विकणारा व घेणारा या दोघांवर खिळते. दुष्काळ हा तिसरा पक्ष त्या व्यवहारांत असतो. पण त्याचें नांव कोणत्याही खरेदीखतावर येत नाहीं. राजाज्ञेनें किंवा कायद्यानें विक्री गुन्हा ठरते हें खरें. तथापि अन्नाला मोताद झालेल्या मुलापाशीं दलाल आधीं पोंचतो कीं दुसरें कोणी, यावर त्या मुलाचें पुढील आयुष्य ठरतें. इ. स. १८९६ ते १९०० या वर्षांतील दुष्काळांत पंडिता रमाबाई अशा मुलींपाशीं आधीं पोंचल्या. त्यांनीं तें कसें केलें, कोणत्या श्रद्धेनें केलें, आणि पोसणाराचा पोसलेल्यावर हक्क किती हा नारदाच्या वेळचा प्रश्न त्यांच्या कार्यासही कसा लागू पडतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम जुनी परंपरा थोडक्यांत पाहूं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत अल्पवयी मुलाच्या विक्रीस दंड सांगितला आहे. आप्तांनींच आपलें मूल विकलें किंवा गहाण टाकलें तर तें मूल शूद्राचें असल्यास १२ पण, वैश्याचें असल्यास २४, क्षत्रियाचें असल्यास ३६ आणि ब्राह्मणाचें असल्यास ४८ पण असा तो दंड आहे. कुळावर आपत्ति येऊन माणसें गहाण टाकण्याचा प्रसंग आलाच, तर सोडवितांना लहान मुलास व कुळाला साह्य करूं शकेल अशा माणसास आधीं सोडवावें, असेंही त्याचें सांगणें आहे. यांत करुणा आहे आणि व्यवहारही आहे. परंतु म्लेंच्छांनीं आपलें मूल विकल्यास त्यांत दोष नाहीं, असें तोच ग्रंथकार लगोलग सांगतो. म्हणजे संरक्षण होतें, पण त्याला कुंपण होतें. मूल कोणाचें यावर त्याची किंमत ठरत असे.

या कुंपणाबाहेरच्या मुलाचें उदाहरण शोधण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. आम्ही राहतों तें बजाजनगर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीशेजारीं आहे. तेथून जवळच असलेलें शहर मूळ खडकी या नांवानें इ. स. १६१० मध्यें वसविणारा मलिक अंबर हा स्वतःच विकला गेलेला मुलगा होता. हबशी देशांत जन्मलेला हा मुलगा हातोहात विकला जात बगदादच्या मीर कासिम नांवाच्या व्यापाऱ्याकडे आला. त्यानें त्यास अंबर हें नांव दिलें. आणि शेवटीं निजामशाहीचा मंत्री चंगीझखान यानें त्यास दक्षिणेंत विकत घेतलें. पुढें तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मोंगलांशीं झुंजला, आणि इ. स. १६२६ मध्यें वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. त्याच्या नहरींचें आपण कौतुक करतों तें योग्यच आहे. परंतु एका अंबराचें नांव राहिलें म्हणून त्याच वाटेनें आलेल्या व निनांवी मेलेल्या इतर मुलांचा हिशेब मिटत नाहीं.

या व्यापाराविरुद्ध मराठी राज्यकर्त्याची स्पष्ट आज्ञा आढळते ती छत्रपति शिवाजी महाराजांची. इ. स. १६७७ मध्यें कर्नाटकच्या स्वारींत असतां त्यांनीं वलंदेजांस, म्हणजे डच व्यापाऱ्यांस, जो कौल दिला त्यांत स्त्रीपुरुषांस दास म्हणून विकत घेण्यास व परदेशीं नेण्यास बंदी घातली, आणि पूर्वीच्या अमलांत ही मोकळीक असली तरी आपल्या अमलांत ती मिळणार नाहीं असें बजाविलें. पुढें पेशवाईंत कुणबिणी व बटकी यांची खरेदीविक्री चालू होती हें दप्तरांवरून दिसतें. इंग्रजी अमलांत इ. स. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली, आणि इ. स. १८६० च्या दंडसंहितेंत अल्पवयी मुलींस वेश्याव्यवसायासाठीं विकणें व विकत घेणें हे ३७२ व ३७३ या कलमांनीं गुन्हे ठरले. तात्पर्य, इ. स. १८९६ सालीं पाऊस गेला तेव्हां शास्त्राचा दंड, राजाज्ञेचा दाखला व सरकारचा कायदा ही सर्व सामग्री या देशांत होती. तरीही मुली नाहींशा होत होत्या.

आतां रमाबाईंकडे वळूं. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. आणि आईनें तें मुलीस शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पायीं फिरत असे व पुराण सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर निर्वाह करीत असे. इ. स. १८७४ ते १८७७ या काळांतील दक्षिणेच्या दुष्काळांत ती दक्षिणा आटली. मजुरी करण्याची संवय नव्हती, आणि उच्च कुळाचा अभिमान आड येत होता. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलीं तीं रमा व तिचा भाऊ श्रीनिवास. इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्या तरुणीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरविलें, ती काहीं थोड्या वर्षांपूर्वींच उपाशीपोटीं रस्त्यांवरून चाललेली मुलगी होती. ही गोष्ट रमाबाईंच्या चरित्रांत बहुधा आरंभींच्या पानांत उरकली जाते. आमच्या मतें त्यांच्या पुढील कार्याचें बीज तेथेंच आहे.

मध्यंतरींचा वृत्तांत वाचकांस परिचित आहे. विवाह व अल्पकाळांत वैधव्य, इ. स. १८८२ मध्यें पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना, इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. अमेरिकेंत हिंदु विधवांसाठीं मिळविलेलें साह्य. आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें व पुढच्या वर्षीं पुण्यास आणलेलें शारदासदन. दुष्काळाच्या थोडें आधीं त्या साध्या यात्रेकरूच्या वेषांत वृंदावनास जाऊन आल्या. तीर्थाच्या नांवानें दूरदूरच्या विधवांस व मुलींस फुसलावून आणणारे लोक आणि तेथें पोंचल्यावर त्या अबलांची होणारी दशा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. त्यामुळें इ. स. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतांतून दुष्काळाच्या वार्ता येऊं लागल्या तेव्हां पुढें काय होणार हें ओळखण्यास त्यांस कोणाच्या अहवालाची गरज पडली नाहीं.

त्या मध्यप्रांतांत स्वतः गेल्या. दुष्काळी कामें व अनाथगृहें पाहिलीं. आईबाप मेलेल्या किंवा चुकामूक झालेल्या मुली तेथें एकट्या होत्या. अशा मुलींवर डोळा ठेवून हिंडणारे पुरुष होते आणि गोड बोलून त्यांस घेऊन जाणाऱ्या बायकाही होत्या. अशा व्यवहारांत खरेदीखत नसतें, साक्षीदार नसतो. एक भाकर दिली कीं मूल मागें येतें. दंडसंहितेचीं कलमें येथें निरुपयोगी कां ठरलीं याचें उत्तर यांतच आहे. विक्री सिद्ध व्हावयास विकणारा लागतो. येथें विकणारा दुष्काळ होता.

हें पाहून झाल्यावर रमाबाईंनीं केवळ लेख लिहिला नाहीं. त्या मुलींच्या टोळ्या बरोबर घेऊन परतल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेगची धामधूम चालू होती. त्यामुळें नव्या मुलींना शहरांत ठेवणें शक्य राहिलें नाहीं. तेव्हां केडगांव येथें आधींच घेऊन ठेविलेल्या सुमारें शंभर एकर जमिनीवर तंबू व गवती झोंपड्या उभारून मुलींना तेथें हलविलें. हेंच पुढें मुक्तिसदन झालें. त्या दुष्काळांतून आलेल्या मुलींची संख्या तीनशेंच्या आसपास गेली. आणि छपन्याचा दुष्काळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इ. स. १८९९-१९०० च्या आपत्तींत गुजराथेंतून आणखी मुली आल्या तेव्हां केडगांवची वस्ती दीड हजारांवर पोंचली.

सरकारशीं त्यांचा व्यवहार कसा होता याचें एक उदाहरण नोंदण्याजोगें आहे. मे १८९७ मध्यें त्यांनीं ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रांत पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयीं पत्र लिहिलें, आणि आपल्या आश्रमांतून तेथें नेलेली एक मुलगी परपुरुषाच्या हातीं लागून नासली अशी उघड तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं हे आरोप नाकारले. तो काळ लक्षांत घ्यावा. त्याच वर्षीं प्लेगच्या बंदोबस्तांतील अत्याचारांविषयीं विलायतेंत बोलल्याबद्दल गोपाळराव गोखले यांस पुरावा देतां न आल्यामुळें जाहीर माफी मागावी लागली. अशा वेळीं राज्यकर्त्यांच्याच धर्मांत गेलेली एक स्त्री त्याच धर्माच्या पत्रांत त्याच राज्यकर्त्यांवर एका नष्ट झालेल्या मुलीसाठीं बोट ठेविते, हें त्यांच्या निष्ठेचें गमक आहे. धर्मांतरामुळें त्या सरकारच्या झाल्या, हा त्या वेळचा समज या एका पत्रानें खोटा ठरतो.

आतां मुख्य आक्षेप. शारदासदनांत मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊं लागला म्हणून इ. स. १८९३ मध्यें न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि ‘केसरी’नें कठोर टीका केली. मुक्तिसदन तर उघड ख्रिस्ती संस्था होती आणि तेथील बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. रमाबाईंनीं हें कधीं लपविलें नाहीं. आपल्या देवानेंच आपणांस या मुलींकडे पाठविलें, असें त्या मानीत. येथें नारदाचा शब्द पुन्हां समोर येतो : अन्न देऊन जगविलें म्हणून पोसणाराचा त्या जिवावर किती हक्क? शरीरावर नाहीं हें उघड आहे. मनावर आहे काय? भुकेनें व्याकुळ झालेल्या अल्पवयी मुलीनें पोसणाराचा धर्म घेतला तर तो सर्वस्वीं स्वेच्छेनें घेतला असें म्हणणें आम्हांस जड जातें. आक्षेपाचा हा भाग खरा आहे.

परंतु त्याच मापानें दुसरी बाजूही मोजली पाहिजे. अनाकालभृत दास कायमचा पोसणाराच्या दारीं राहत असे; कारण सुटकेची किंमत त्याच्यापाशीं नसे. केडगांवीं मुलींना लिहिणें-वाचणें, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यांतील खिळे जुळविणें, शिक्षिकेचें काम, हें सारें शिकविलें जाई. इ. स. १९०० मध्यें तेथें शंभरावर गुरें होतीं व त्यांची निगाही आश्रमांतच होत असे. रमाबाईंची कन्या मनोरमा हिच्यामुळें आंधळ्या मुलींनाही स्पर्शलिपि शिकतां आली. जी मुलगी हातांत कसब घेऊन तेथून बाहेर पडली तिनें नारदानें मागितलेली गाईंची जोडी भरली, असेंच म्हटलें पाहिजे. आणि ती भरण्याची सोय पोसणारीनेंच करून दिली होती. हा भेद लहान नाहीं.

शिवाय आक्षेप घेणारांपैकीं मध्यप्रांतांत कोण गेले, हाही प्रश्न रास्त आहे. त्यास सन्मान्य उत्तर दिलें तें पंजाबांतील आर्यसमाजानें. लाला लजपतराय यांनीं याच दुष्काळांत हिंदु अनाथ बालकांस गोळा करून त्यांच्यासाठीं आश्रमांची व्यवस्था केली. दोन धर्मांच्या या चढाओढींत मुलाला विचारलें कोणींच नाहीं. पण जेथें पूर्वीं एकटा दलाल उभा होता तेथें आतां दोन दारें उघडीं झालीं, हा लाभ मान्य करावा लागतो.

श्रद्धा मूल सोडविते तशी मूल गमावितेही, हेंही सांगितलें पाहिजे. खंडोबास मुरळी सोडणें किंवा देवळास भावीण अर्पण करणें यांत विकणारा दुष्काळ नसून नवस असे. इ. स. १८६९ मध्यें मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयानें एका भाविणीच्या खटल्यांत असें अर्पण दंडसंहितेखालीं गुन्हा ठरविलें. तरी चाल मोडली नाहीं. ती मोडण्यासाठीं त्याच समाजांतून माणसें उठावीं लागलीं. शिवराम जानबा कांबळे यांनीं इ. स. १९०८ मध्यें काढलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ मासिकांतून मुरळी सोडण्याविरुद्ध आपल्या ज्ञातिबांधवांस कळकळीनें सांगितलें; आणि देवदासीसंबंधींचा मुंबई इलाख्याचा कायदा झाला तो इ. स. १९३४ मध्यें. न्यायालयाचा निर्णय, व्यक्तीची चळवळ, मग स्वतंत्र कायदा, हा क्रम अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवावा.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं निवर्तल्या. संस्था आजही चालू आहे. दंडसंहितेचीं तीं दोन कलमें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत ९८ व ९९ या अंकांनीं गेलीं आहेत. दुष्काळाचें स्वरूपही पालटलें आहे, इ. स. १९७२ च्या अवर्षणानंतर रोजगार हमीनें भुकेची धार पुष्कळ बोथट केली. तथापि मराठवाड्यांतील कोरडवाहू गांवें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं अद्याप रिकामीं होतात, आणि आईबापांबरोबर गेलेल्या मुलांचीं नांवें शाळेच्या हजेरीपटावर नुसतीं उरतात. तीं सर्व मुलें विकलीं जातात असें नव्हे. परंतु जें मूल कोणाच्याच मोजणींत नाहीं तें दलालास सर्वांत सोपें असतें, हें मध्यप्रांतांतील अनाथगृहांनीं दाखवून दिलें आहे. हजेरीपटावर सलग गैरहजेरी लागलेल्या मुलाच्या घरीं जाऊन तें कोठें आहे याची चौकशी करणें हें शिक्षकाचें काम आम्ही मानीत आलों. रमाबाईंनीं केलेल्या कामाचा आरंभही तेवढाच होता : त्या गेल्या, आणि मूल कोठें आहे तें पाहिलें.