दोन वर्षांची खुर्ची

१ नोव्हेंबर १९५६ ला मोहगावचं हायकोर्ट नागपूरहून उठून जबलपूरला गेलं. विदर्भ मुंबई राज्यात गेला. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा मराठी मुलूख छिंदवाड्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिला. गंमत अशी की कायद्याच्या लेखी इथल्या माणसांचं हायकोर्ट बदललंच नाही. १९३६ साली स्थापन झालेलं नागपूरचं हायकोर्ट हेच नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट, असं राज्य पुनर्रचना कायद्याने ठरवलं. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्लाही तेच राहिले. बदलला तो पत्ता. नागपूरच्या दगडी इमारतीत मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं आणि सौंसरच्या पक्षकाराला जवळचं नागपूर ओलांडून नव्हे, त्याच्याकडे पाठ फिरवून पेशीला जावं लागू लागलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट अमलात आली, तिची आठवण कुणी काढत नाही. राज्यांच्या नव्या मांडणीसाठी केलेल्या सातव्या घटनादुरुस्तीत कलम २२४ नव्याने लिहिलं गेलं आणि ‘अतिरिक्त न्यायाधीश’ हे पद देशाच्या हायकोर्टांत आलं. काम तात्पुरतं वाढलं किंवा खटले तुंबले, तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी न्यायाधीश नेमावा, एवढाच त्याचा अर्थ. हायकोर्टाच्या नेमणुकीवरून आज जे राजकारण होतं, त्यातलं निम्मं या दोन वर्षांच्या पोटात आहे.

पद तसं इंग्रजांचं. १९११ च्या हायकोर्ट कायद्यात ते होतं, मुदतही दोनच वर्षांची. १९५० च्या राज्यघटनेत मात्र त्याला जागा मिळाली नाही; निवृत्त न्यायाधीशाला बोलावून बसवण्याची सोय तेवढी ठेवली होती. विचार सरळ होता. ज्याला दोन वर्षांनी कुणीतरी घरी पाठवू शकतं, त्याने त्या कुणाविरुद्ध निकाल कसा द्यायचा? सहाच वर्षांत तुंबलेल्या खटल्यांनी हा विचार मागे सारला. पुढे तुंबणं कायमचं झालं आणि तात्पुरता राहिला तो न्यायाधीश! आता बहुतेक प्रत्येक जण हायकोर्टात अतिरिक्त म्हणूनच शिरतो. गरजेपोटी केलेली सोय ही उमेदवारी होऊन बसली, आणि ‘कायम करणं’ नावाचा दुसरा दरवाजा तयार झाला.

तो दरवाजा उघडणार कोण? २४ मे १९४९ ला संविधान सभेत आंबेडकरांनी मधला मार्ग सुचवला होता. सरकारने न्यायाधीशांचा सल्ला घ्यावा, पण सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूकच होऊ नये असं नको. कारण सरन्यायाधीश झाला तरी माणूसच, त्यालाही आवडीनिवडी असणार. ते बोलत होते नेमणुकीबद्दल. दोन वर्षांनी पुन्हा त्याच माणसाची नेमणूक करायची वेळ येईल, हे तेव्हा समोर नव्हतं.

आणीबाणीत या दरवाजाचा उपयोग कळला. स्थानबद्ध माणूस कोर्टात दाद मागू शकतो, असं जबलपूरसह अनेक हायकोर्टांनी सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ ला ते फिरवलं आणि तो निकाल जबलपूरच्याच नावाने ओळखला जातो. सरकारला न रुचणारे निकाल देणाऱ्यांच्या बदल्या झाल्या, पण अतिरिक्त न्यायाधीशांसाठी बदलीचीही गरज नव्हती. काही न करता तारीख उलटू दिली की झालं. दिल्लीचे आर. एन. अग्रवाल परत सेशन कोर्टात गेले. मुंबईचे उमेश रंगनाथ लळित कायम झाले नाहीत. जामीन दिल्याची ती शिक्षा होती, असं वकील मंडळी आजही सांगतात. ते पुन्हा काळा कोट चढवून वकिली करू लागले. हे लळित पुढे लागणार आहेत.

१८ मार्च १९८१ ला कायदामंत्री शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना एक परिपत्रक धाडलं. तुमच्या राज्यातल्या अतिरिक्त न्यायाधीशांकडून लेखी घ्या, की कायम व्हायचं तर दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टात जायला ते तयार आहेत. पसंतीची तीन नावंही लिहून घ्या. ज्याची मुदत संपत आली आहे, त्याला असं विचारणं म्हणजे काय, हे मुंबईच्या वकिलांना लगेच कळलं आणि ते कोर्टात गेले. दिल्लीत तीन अतिरिक्त न्यायाधीशांना जेमतेम तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली होती. त्याविरुद्ध सासवडचे, एकेकाळी मुंबई हायकोर्टात न्यायाधीश असलेले वि. म. तारकुंडे उभे राहिले. सगळ्या याचिका एकत्र होऊन सात न्यायाधीशांपुढे आल्या.

त्या तिघांतले एस. एन. कुमार. दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींनी त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेणारं पत्र कायदामंत्र्यांना लिहिलं. ते पत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांना दाखवलंच नाही. चंद्रचूड म्हणत होते, कुमारांना ठेवा. सरकारने पत्रातल्या शंकेवर बोट ठेवून त्यांना काढलं. सुप्रीम कोर्टाने सरकारला ती पत्रं उघड करायला लावली, हा त्या खटल्यातला सगळ्यात चांगला भाग. एखाद्या न्यायाधीशाला का ठेवलं नाही, हे देशाने कागदावर वाचलं. असं त्याआधी झालं नव्हतं, आणि नंतरही फारसं झालेलं नाही.

३० डिसेंबर १९८१ च्या निकालात कुमार हरले. सरन्यायाधीशांचा शब्द शेवटचा नाही, असं बहुमताने ठरलं. पीठावरचे न्यायमूर्ती तुळजापूरकरांसारखे काही जण वेगळं म्हणाले. त्याच निकालात न्यायमूर्ती भगवतींनी जाताजाता लिहून ठेवलं, की एका माणसावर सोडण्यापेक्षा शिफारशीसाठी एक कॉलेजियम असावं. नेमणुकीच्या वादात हा शब्द इथून शिरला. ६ ऑक्टोबर १९९३ आणि २८ ऑक्टोबर १९९८ ला कोर्टाने तो प्रत्यक्षात उतरवला: हायकोर्टासाठी सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ सहकारी. संसदेने त्याऐवजी नेमणुकांसाठी आयोग आणला, तोही १६ ऑक्टोबर २०१५ ला रद्द झाला. दरवाजाची किल्ली मंत्र्याच्या खिशातून न्यायाधीशांच्या खिशात आली.

किल्ली तिथेच बरी, असं माझं मत आहे. पण खिसा बदलला तरी झडती कुणाला घेता येत नाही.

याचं अलीकडचं उदाहरण नागपूरचं. पुष्पा गनेडीवाला फेब्रुवारी २०१९ मध्ये अतिरिक्त न्यायाधीश झाल्या. १९ जानेवारी २०२१ ला नागपूर खंडपीठात त्यांनी निकाल दिला, की बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून चाचपणं हा बालकांच्या संरक्षणाच्या पोक्सो कायद्याखाली लैंगिक हल्ला नव्हे, कारण त्वचेला त्वचा लागली नाही. दुसऱ्याच दिवशी कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस केली. मग गहजब झाला, सुप्रीम कोर्टाने २७ तारखेला निकालाला स्थगिती दिली, शिफारस मागे घेतली गेली आणि एका वर्षाची मुदतवाढ पदरात पडली. १८ नोव्हेंबरला तो निकाल रद्द झाला, रद्द करणाऱ्या पीठावर उदय उमेश लळित होते. डिसेंबरात कायम न करण्याचं ठरलं. ते ठरवणाऱ्या तिघांत रमणा, खानविलकर यांच्याबरोबर तेच लळित. वडिलांना ज्या दरवाजातून परत फिरावं लागलं, त्याच्या आतल्या बाजूला मुलगा बसला होता. दोन प्रकरणं सारखी नाहीत: वडिलांचे निकाल सरकारला नको होते, हा निकाल कायद्यात बसणारा नव्हता. पण वाईट निकालाला अपील असतं. निकालापायी न्यायाधीशच जाणार असेल, तर त्याची कारणं लिहून द्यायला हवी होती.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी गनेडीवालांनी राजीनामा दिला, नाहीतर त्यांना जिल्हा न्यायालयात परतावं लागलं असतं. राजीनामा म्हणजे निवृत्ती नव्हे म्हणून त्यांचं पेन्शन अडलं. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते द्यायला सांगितलं.

तेव्हा सरन्यायाधीश होते अमरावतीचे भूषण गवई. तेही याच वाटेने आलेले: १४ नोव्हेंबर २००३ ला अतिरिक्त, १२ नोव्हेंबर २००५ ला कायम, दोन वर्षं भरायला दोन दिवस उरले असताना. त्याच जुलैत त्यांच्या कॉलेजियमच्या शिफारशीवरून जबलपूरच्या हायकोर्टावर नवे न्यायाधीश आले. त्यांतल्या एका जिल्हा न्यायाधीशांनी छळ केला अशी तक्रार मध्य प्रदेशातल्याच एका महिला दिवाणी न्यायाधीशाने आधी केली होती. नेमणूक झाली तशी तिने राजीनामा दिला. आरोप सिद्ध झालेले नव्हते. तक्रार कुणी पाहिली, कुणी बाजूला ठेवली, यातलं काही कॉलेजियमच्या निवेदनात नव्हतं. निवेदनात नावं होती.